वैनीच्या रक्ताला मी परकी

बॅनर लागला तेव्हाच मी बोलली होती, बाजारात तुरी न् भट भटणीला मारी. पण आमच्या दादाला कोण सांगणार? मानकोलीत त्याला हिरामणशेठ बोलतात. गोदामांची भाडी येतात, गळ्यात जाडजूड साखळी हाय, आणि काही झालं की बॅनर लागतो. पोराचा वाढदिवस, बॅनर. नवीन गाडी, बॅनर. आता वैनीला स्वतःची किडनी देणार, तर गावाच्या कमानीला एवढा बॅनर लावला की खालून जाणारा ट्रेलर अडकायचाच बाकी राहिला.

"आपल्या अर्धांगिनीस मूत्रपिंडदान करणारे दानशूर व्यक्तिमत्त्व श्री. हिरामणशेठ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ." दादाचा गॉगल घातलेला फोटो पुरुषभर उंच. आणि जिची किडनी गेली, ती आनंदीवैनी खाली कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोत.

मी हौसा. हिरामणची धाकटी सख्खी बहीण, दापोड्याला दिलेली. तोंड आम्हा दोघांचं एक. गावात बोलतात, हिरामणला लुगडं नेसवलं की झाली हौसा. नवरा माझा वारला, पोरगा भाविक गोदामात सुपरवायझर हाय, आणि मी धवलारीण हाय. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवला गायल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत न्हाईत. देवांना बोलावायचं, नवरा-नवरीला गाण्यातून एकजीव करायचं, हे धवलारणीचं काम. माझा पहिला धवला दादा-वैनीच्याच लग्नातला. आई बाजूला बसून चुका काढत होती आणि मी वैनीच्या कानाशी गात होती.

त्याच वैनीनं सात वर्षांपूर्वी, स्वतःच्या पोरीच्या, माझी भाची रुचिका हिच्या लग्नात, माझा धवला अर्ध्यावर असताना डीजेवाल्याला हात दाखवला. "वाजव रे, पाव्हणे कंटाळले." भरमांडवात! भोंगे असे फुटले की माझा आवाज माझ्याच कानाला ऐकू येईना. मी उठली, ताटाला हात न लावता दापोड्याला आली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. लग्नकार्यात ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. समोरासमोर आलो तर ती मान फिरवायची आणि मी पण काय कमी न्हाय, मी पाठ फिरवायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, डायलिसिसची सुई जिथं घालतात ती हाताची नस पण सारखी दगा द्यायला लागली. डॉक्टर बोलले, किडनी बदलायला लागेल आणि लवकर. तिचा भाऊ नामा, त्याला स्वतःलाच साखर. म्हणून दादा उठला, छाती ठोकली. रक्तगट जुळला आणि त्याच दिवशी बॅनर छापायला टाकला. पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या, पण रक्तगट जुळला म्हणजे सगळं जुळलं असं त्याला वाटलं. पत्रिका बघताना एक गुण बघून साखरपुडा उरकावा, तसा प्रकार.

ठाण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा दादा बोलला, "हौसे, चल. तारीख देणार हायत. शुभ कामाला बहीण पायजे." वैनीसाठी मी गेली न्हाय, दादासाठी गेली. वैनी त्या दिवशी डायलिसिसला होती.

तिथली डॉक्टर, पूर्वी तिचं नाव, माझ्या सुनेच्या वयाची पोरगी. तिनं दादाला बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं, तारीख मिळायची न्हाय.

"हिरामणकाका, तुमची किडनी त्यांना चालणार नाही," ती बोलली. "आम्ही तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या आणि काकूंच्या रक्तातलं वरचं पिवळं पाणी त्यात घातलं. सगळ्या पेशी मेल्या."

"मेल्या म्हणजे?"

"काकूंच्या रक्तानं त्या मारल्या."

अगो बाय माझे! तीस वर्षं संसार, दोन पोरं, गावात भांडणाचा आवाज कधी बाहेर आला न्हाय, आणि बायकोचं रक्त नवऱ्याच्या पेशी मारतंय! मी स्वतः ह्यांना एकजीव केलेलं. देवांना साक्षीला बोलावलेलं!

"चुकलंय तुमचं," मी बोलली. "परत करा."

"दोनदा केलं, मावशी."

"मग तिच्या मनात खोट हाय! मला माहीत होतं. माझ्या दादाला ती..."

"हौसे, गप," दादा बोलला.

त्या पोरीला राग आला न्हाय. तिनं माझ्या हातातल्या बांगडीला बोट लावलं. "मावशी, ही बांगडी तुमच्या मापाची आहे. माझ्या हातात घातली तर गळून पडेल, काकांच्या हातात जाणारच नाही. रक्तात परक्याला पकडणारी प्रतिपिंडं असतात, तीही अशीच. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर काही रेणू उभे असतात, त्यांना ठरावीक वळणं असतात. प्रतिपिंडाचं टोक एखाद्याच वळणावर बसतं, आणि बसलं की शरीर समजतं, हा आपला नाही. त्यांना नवरा दिसत नाही, माणूस दिसत नाही. तेवढं एक वळण दिसतं."

"पण माझ्या भावाची वळणं तिच्या रक्ताला कुणी शिकवली?"

"पोरांनी," ती बोलली. "मूल आईकडून अर्धी वळणं घेतं, बापाकडून अर्धी. पोटात असताना आणि बाळंतपणात मुलाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात. आईचं शरीर त्यातली बापाची वळणं बघतं आणि शिकून ठेवतं. सगळ्याच आयांचं होतं असं नाही, पण काकूंचं झालंय, आणि पक्कं झालंय. थोरल्या मुलानं काकांची अर्धी वळणं शिकवली, मुलीनं उरलेली अर्धी. शिकलेल्या पेशी वर्षानुवर्षं विसरत नाहीत."

"मग पोरं पोटात जगली कशी?"

"आई आणि बाळ यांच्या मधे वार असते, तिच्या बाहेरच्या थरावर ती वळणं जवळजवळ नसतातच. पोर तिच्या आड लपलेलं असतं. किडनीला असं लपता येत नाही."

मनोज, दादाचा थोरला, दारात उभा होता. रुचिका त्याच्या मागं. मनोज बोलला, "मग माझी घ्या ना. मी तयार हाय." रुचिका पण पुढं आली. डॉक्टरीण न्हाय म्हणून मान हलवायला लागली आणि मला आधीच कळलं. पोरांत अर्धा बाप. जो बाप तिच्या रक्तानं हाकलला, तोच अर्धा ह्यांच्या अंगात. ज्यांना नऊ-नऊ महिने वाढवलं, त्यांचीच किडनी आता तिला चालायची न्हाय. रुचिका भिंतीला टेकून रडायला लागली. मी सात वर्षांत तिला जवळ घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

डॉक्टरीण बोलली, मेलेल्या माणसाची किडनी मिळायची यादी असते, तीत नाव घालू. दुसऱ्या एखाद्या जोडीशी किडनीची अदलाबदल होते का, ते बघू. पण तिचे डोळे हातावरच्या नसेबद्दल बोलत होते. नस गेली तर डायलिसिस अवघड, आणि डायलिसिस गेलं तर वैनी गेली.

आता माझी जीभ. आईनं दिलेली, काळ्या मिरीची. मी बोलली, "डॉक्टर, माझं रक्त घ्या. मी ह्याची सख्खी बहीण. तोंड बघा आमचं! तिच्या रक्तात टाका माझ्या पेशी आणि बघा कशा पटापट मरतात. ह्या घरातलं कोणच तिला चालत न्हाय, हे कागदावर येऊ द्या एकदा." खरं सांगायचं तर मला किडनीबिडनी द्यायची नव्हती. मला वैनीची खोट सिद्ध करायची होती. दादानं कपाळाला हात लावला. डॉक्टरणीनं मात्र लगेच नर्सला बोलावलं.

चार दिवसांनी मला एकटीला बोलावलं.

"मावशी, तुमची एकही पेशी मेली नाही."

मी हसली. म्हटलं, पोरगी चेष्टा करते. "एकही न्हाय?"

"एकही नाही. भावाची जी वळणं काकूंचं रक्त ओळखतं, त्यातलं एकही तुमच्याकडे नाही. तुमचा रक्तगट चालतो. साखर नाही, बीपी नाही."

जिभेवर साखर न्हाय, तर रक्तात कुठून येणार! पण तेव्हा मला हे सुचलं न्हाय. मी भलतंच विचारलं. "म्हणजे मी दादाची सख्खी बहीण न्हाय?"

"आहात की! आईकडं त्या वळणांचे दोन जोड असतात, बापाकडं दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एक-एक येतो. काकांना जे दोन आले ते तुम्हाला आले नाहीत, तुम्हाला उरलेले दोन आले. भावंडांत असं होतं. नाक एक आलं म्हणून हे एक येत नाही."

माझा विश्वास बसला न्हाय. बाहेर येऊन मी आमच्या ठकुबाईमावशीला फोन लावला, नव्वदीला आलेली. विचारलं, मावशी, खरं सांग, मला कुठून आणलं? ती फोनवर अशी कडाडली, "मेले, तुझी नाळ मी ह्या हातानं कापली! पायाळू आलीस, आईला अर्धमेली केलीस, आणि आता विचारतेस कुठून आणलं?" मग जीवात जीव आला. पण रिक्षात बसल्यावर दुसरं डोक्यात शिरलं आणि ते निघेना. दादाला न्हाय, पोटच्या पोरांना न्हाय, सगळ्या घरात वैनीच्या रक्ताला फक्त मी चालते. मी! वज्राई माते, ही कसली थट्टा गो?

घरी भाविक बोलला, "आई, डोकं ठिकाणावर हाय का? जिनं तुला मांडवातून उठवली तिला किडनी?" मी बोलली, मी कुठं देते बोलली. आणि खरंच मी ठरवलं नव्हतं. दादाला पण कळलं होतं, पण देशील का हे त्यानं विचारलं न्हाय. दोन दिवस रोज फोन करायचा, "जेवलीस का" विचारायचा आणि ठेवून द्यायचा. दादानं मला जेवलीस का विचारणं म्हणजे सूर्य खाडीतून उगवणं. शेवटी मीच उठली आणि वैनीच्या डायलिसिसच्या ठिकाणी गेली.

ती खाटेवर पडलेली. एवढी तालेवार बाई, पण हात काटकीवाणी झालेला, त्यात दोन नळ्या. मला बघून मान फिरवायला गेली, पण नळ्यांमुळं तिला वळता येईना.

"हौसाबाय," ती बोलली. सात वर्षांनी माझं नाव घेतलं. "एक विचारू? मी त्यांना कधी वाईट बोलली न्हाय. मनात पण आणलं न्हाय. मग माझ्या रक्तानं असं का केलं?" आणि धो धो रडायला लागली. मरणाचं न्हाय हो, त्या बाईला लाज वाटत होती! नवऱ्याला तोंड कसं दाखवू म्हणून तिनं दादाला तेव्हापासून खोलीत येऊ दिलं नव्हतं.

मी स्टूल ओढलं आणि बसली. "ए येडे, रडू नको. तुझं रक्त त्याच्यावर रागावलेलं न्हाय. त्याची पोरं तू पोटात वाढवलीस, तेव्हा त्याचं वळण न् वळण तुझ्या रक्तानं लक्षात ठेवलं. तीस वर्षं विसरलं न्हाय. एवढी आठवण कोण ठेवते नवऱ्याची? मी माझ्याचा आवाज पण विसरत चालली."

ती रडायची थांबली. "आणि तुमच्या पेशी का न्हाय मारल्या?"

"मला तुझं रक्त ओळखतच न्हाय. मी कुठली कोण!"

"म्हणून चालता?"

"म्हणून चालते."

ती बोलली, "मला नको. मी तुमचा धवला तोडला. तुमच्या अंगातलं घ्यायचं तोंड न्हाय मला."

ती घे बोलली असती तर मी कदाचित उठून गेली असती. ती नको बोलली आणि माझं टाळकं फिरलं. "तुला विचारलं कोणी? माझी किडनी हाय, मी कुठं पण ठेवीन!" बाजूच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. नर्स धावत आली. ठरलं ते असं.

पण सरकारला असं चालत न्हाय. कायद्यात नवरा, बायको, आईबाप, पोरं, भावंडं ही जवळची. नणंद त्यात बसत न्हाय. पैशासाठी देत न्हाय, प्रेमापोटी देते, हे समितीसमोर सांगायला लागतं. आणि दोघींचे एकत्र फोटो दाखवायला लागतात. झाली का पंचाईत! रुचिकानं सगळे अल्बम उपसले. प्रत्येक फोटोत वैनी डाव्या कोपऱ्यात, मी उजव्या कोपऱ्यात, मधे पन्नास माणसं. शेवटी एक सापडला. वैनीच्याच लग्नातला. मुंडावळ्या बांधलेली वैनी, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन गाणारी मी.

दादानं आम्हाला गाडीत पढवून ठेवलं. "सांगायचं, आम्ही बहिणी-बहिणीसारख्या राहतो. दुसरं काही बोलायचं न्हाय."

समितीत पाच जण बसलेले, समोर कॅमेरा. मधल्या साहेबांनी वैनीला विचारलं, "या तुमच्या कोण? संबंध कसे आहेत?"

वैनी बोलली, "नणंद हाय. सात वर्षं आम्ही बोलत नव्हतो."

दादाच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. मनोजनं डोळे मिटले. अगं बाई, मरायला टेकलीस आणि आत्ता खरं बोलायचं सुचलं?

"मी त्यांचं गाणं भरमांडवात अर्ध्यावर तोडलं, अपमान केला," वैनी पुढं बोलली. "आज कॅमेऱ्यासमोर माफी मागते. खोटं बोलून ह्यांची किडनी मला न्हाय घ्यायची."

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडं वळले. "बाई, प्रेमापोटी देताय असं लिहिलंय. मग प्रेम कुठे आहे?"

मला दादानं पढवलेलं काहीच आठवेना. जे आलं ते बोलली. "साहेब, प्रेमाची माणसं सगळी तपासून झाली. नवरा झाला, पोरगा झाला, पोरगी झाली. तिच्या रक्तानं सगळ्यांना परत पाठवलं. आता मी एकटी राहिली. मी पण न्हाय बोलली, तर तिनं कुठं जायचं?"

साहेबांनी तो लग्नाचा फोटो उचलला, बघितला, बाजूच्या बाईंना दिला. त्या बाईंनी मला विचारलं, "यात तुम्ही काय गाताय?" मी बोलली, धवला. "पूर्ण झाला होता का तो?" मी बोलली, "हा झाला होता. तुटला तो दुसरा." बाईंनी मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. आठवड्यानं मंजुरी आली.

कमानीवरचा बॅनर त्याच दिवशी उतरला. दादानं स्वतः शिडी लावून उतरवला. नवीन लावू का बोलला, तर मी बोलली, लावून बघ, किडनी देणार न्हाय.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली तेव्हा कुशीत कोणी विळा घातल्यासारखं दुखत होतं, आणि दादा माझे पाय धरून बसला होता. "हौसे, तुझी किडनी चालली, लघवी झाली तिला," तो बोलला आणि हमसून हमसून रडला. हिरामणशेठ! लघवीच्या पिशवीसाठी रडणारा शेठ मी पहिल्यांदा बघितला.

काही दिवसांनी मला खुर्चीत बसवून वैनीच्या खोलीच्या काचेशी नेलं. जंतू जाऊ नयेत म्हणून आत सोडत न्हाईत. डॉक्टरीण आत वैनीला समजावत होती, दार थोडं उघडं होतं. "काकू, या गोळ्या जन्मभर. एक वेळ पण चुकवायची नाही. मावशींची किडनी परकी आहे हे तुमच्या शरीराला कळलं, तर ते हल्ला करणार. त्याला मावशींची ओळख पटू द्यायची नाही."

मला राहवलं न्हाय. मी बाहेरून ओरडली, "डॉक्टर, घाबरू नका! सात वर्षं तिनं मला ओळख दाखवली न्हाय, ते पण गोळ्यांशिवाय!"

डॉक्टरीण हसली, नर्स हसली. वैनी हसली न्हाय. तिनं मान फिरवली, माझ्याकडं, आणि काचेतून बघत राहिली. मग तोंडावरचा मास्क खाली केला, डॉक्टर नको-नको बोलत असताना, आणि बोलली, "हौसाबाय, रक्ताला काय कळतंय! मनोजच्या लग्नात धवला तुमचाच. पूर्ण. मी कानाशी बसणार."

मला काहीतरी तिखट बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलं पण होतं. पण मी रडायला लागली, आणि टाक्यांना असा ताण बसला की नर्सनं खुर्ची उलटी वळवून मला माझ्या खाटेवर नेऊन टाकलं.